पुळणीवरची कबड्डी

तात्या मुंबईहून कायमचा परत आला आणि आमच्या घरातला आवाज एकदम वाढला. तात्या म्हणजे माझा धाकटा काका. गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, उभं राहून राहून त्याचे कान गेले होते, आणि त्यामुळे त्याला वाटायचं की जगालाच कमी ऐकू येतं. सकाळचा चहा मागायचा तोसुद्धा असा, की शेजारच्या घरातून माझी मैत्रीण सुमन ओरडायची, "ठेवलाय, ठेवलाय!" संप लांबत गेला, खोलीतले एकेक जण आपापल्या गावाला निघाले, तसा तोही एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी घेऊन एसटीतून उतरला. आमचं घर पूर्णगडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. माझे बाबा तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके. आजा तांडेल, पणजाही तांडेल. अशा घरात तात्या एकटाच असा निपजला, की होडी किनाऱ्यापासून जरा हलली की त्याचं पोट ढवळून यायचं. म्हणून तर तो गिरणीत गेला होता. आता गिरणी बंद आणि दर्या सोसेना, म्हणजे आई जेवू घालीना नि बाप भीक मागू देईना अशी त्याची गत झाली. बाबा त्याला काही बोलत नसत. पण त्यांचं ते न बोलणं तात्याला बरोबर ऐकू यायचं.

माझी दहावी झाली होती. पुढचं कॉलेज रत्नागिरीत, म्हणजे माझ्यापुरतं विलायतेतच. तेव्हा मी आईबरोबर मासळीची पाटी घेऊन आतल्या गावांना जायला लागले होते. पहाटे चूल पेटायची, रात्रीच्या भाताची पेज आणि तोंडी लावायला भाजलेला बोंबील. जवळा भाजला की सगळ्या घरभर वास सुटायचा आणि तात्या पडवीतून ओरडायचा, "वहिनी, मुंबईत ह्या वासासाठी जीव जायचा गं!" आई म्हणायची, "भावजी, हळू बोला, जवळा पळून जाईल." मग होड्या लागायच्या, वाटे पडायचे, आणि डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी ठेवून आम्ही घाटी चढायला लागायचो. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, पोचेपर्यंत मासळीचं पाणी मानेवरून पाठीवर उतरायचं. आज कुणी मला विचारलं की तुमचे पाय आणि मान इतकी मजबूत कशी, तर मी सांगते, त्या घाटीनं केली. आता गुडघे कुरकुरतात, तीही त्या घाटीचीच देणगी. जिनं दिलं तिनंच व्याज वसूल केलं.

घरी परतायची आमची वाट सहाणेवरून जायची. सहाण म्हणजे शिमग्यात देवाची पालखी येऊन बसते तो चिऱ्यांचा चौथरा. आमच्या गावची सहाण वडाखाली आहे आणि तिच्यापुढे तांबड्या मातीचं मोठं मैदान आहे. तिथं संध्याकाळी गावचे पोरगे कबड्डी खेळायचे आणि मी रिकामी पाटी कमरेला लावून बघत उभी राहायचे. आई पुढं निघून गेली तरी माझे पाय हलायचे नाहीत. खरं सांगायचं तर मला बघायला आवडायचं नाही, मला राग यायचा. एखादा चढाईला आलेला पोरगा पायात सापडायचा, दोघं-तिघं त्याला धरायचे आणि शेवटी सोडून द्यायचे, तेव्हा माझी बोटं आपोआप वळायची. मी असते तर सुटला नसता, असं मला पक्कं वाटायचं. ते वाटणं इतकं आतून यायचं, की रात्री जेवताना मी भाकरीसुद्धा जरा जास्तच घट्ट धरत असेन.

तात्या गिरणीच्या संघातून खेळलेला होता हे मला तो परत आल्यावर कळलं. तोही त्या मैदानावर जाऊन बसायचा आणि पोरांना ओरडून सुधारायचा. "डावा कोपरा झोपला काय!" पोरं हसायची. एक दिवस एकानं त्याला तोंडावर सांगितलं, "तात्या, तुमचां हुतुतू झालां आता म्हातारां." त्या दिवशी तात्या घरी आला आणि पडवीत बसून त्यानं मला आणि सुमनला त्या खेळाची सगळी कुळकथा सांगितली. पूर्वी पंच नव्हते, शिट्टी नव्हती, टाचेनं रेष मारायची आणि खेळायचं. दम धरायचा शब्द प्रत्येक गावाचा वेगळा. दोन गावं समोरासमोर आली की अर्धा दिवस नियमांवरून भांडण आणि उरलेला अर्धा दिवस खेळ. इकडचे लोक गिरण्यांत गेले, त्यांनी हा खेळ चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत नेला, आणि मग कुठं त्याला मापं आली. सगळा संघ बाद केला की लोण चढवलं म्हणतात, त्यातलं लोण म्हणजे मीठ, आट्यापाट्यांच्या खेळातून ते आलं, असंही तो म्हणायचा. खरं-खोटं देव जाणे. पण मिठागराशेजारी वाढलेल्या आम्हा पोरींना ते लगेच पटलं. त्याचं बोलणं संपलं तेव्हा मी त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हटलं, "तात्या, मला शिकव." त्यानं ओठ वाचले, मान हलवली आणि म्हणाला, "एकटीनं कबड्डी होत नाय. सात जणी आण."

सात जणी जमवणं सोपं होतं. पाट्या वाहणाऱ्या, रापणीचं जाळं ओढणाऱ्या पोरींना अंगातली रग कुठं घालवायची हेच कळत नव्हतं. अवघड होती ती आई. तिनं आमटीला फोडणी देता देता ऐकून घेतलं आणि वर न बघता म्हणाली, "खेळायचां तर खेळ. पाटी चुकवलंस, तर तंगडी मोडून हातात देईन." माझ्या आईकडून यापेक्षा मोठा आशीर्वाद कुणाला मिळाल्याचं मला आठवत नाही.

मैदानाचं मात्र बिनसलं. आम्ही पहिल्या दिवशी सहाणेपुढं गेलो, तर नानू गावकर चौथऱ्यावर बसलेला. नानू म्हणजे गावच्या मानकऱ्यांचा म्होरक्या. पालखीला पहिला खांदा त्याचा. जवानीत तो हुतुतूचा नामी गडी होता म्हणे, अजूनही पोरांचा खेळ चुकवायचा नाही. आम्हाला सगळ्यांना तो आजाच लागत होता. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता, म्हणून तर त्याची भीती वाटायची. त्यानं काठी आडवी धरली.

"कुठं चाललांव गो पोरींनो?"

"नानूआजा, खेळायला," मी म्हटलं.

"हितं नाय. ही देवाची जागा. हितं पालखी नाचते. बायकांच्या जातीला महिन्याचां असतां, तां काय मी आता फोड करून सांगू?"

सुमनचं तोंड लाल झालं. मी मात्र तिथंच उभी राहिले. मी हट्टी आहे असं आयुष्यभर सगळे म्हणत आलेत, आणि ते खोटं नाही. म्हटलं, "मग आम्ही काय केलां म्हणजे खेळायला देशील?" त्याला अशा प्रश्नाची सवय नसावी. भोवती चार माणसं होती, पोरगे खेळ थांबवून बघत होते. नानू हसला आणि म्हणाला, "बाहेरगावी जाऊन एक सामना मारून या. मग शिमग्यात पोरांच्या सामन्यांच्या मधी तुमचापण एक सामना लावू. हा माजा शब्द." सगळे हसले. आम्ही बाहेरगावी जाणार, तेही सामना खेळायला, ह्यात हसण्यासारखं होतंच. पण शब्द चार माणसांत दिला होता, आणि मी तो पदरात बांधून घेतला. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मला जिल्ह्यात नाव काढायचं नव्हतं, पेपरात फोटो नको होता. मला आमच्या गावच्या त्या तांबड्या मातीत, सगळ्यांच्या देखत, एकदा खेळायचं होतं.

मग आम्ही पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, खेळायला लागलो. ओहोटीचं पाणी उतरलं की मागं ओली, टणक पुळण उरते, चालताना पाय रुतत नाही आणि पडलं तर लागत नाही. आमचं वेळापत्रक घड्याळावर नव्हतं, तिथीवर होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला संध्याकाळी पाणी पार खाली जायचं, तेव्हा थंड वाऱ्यात खेळ. अष्टमीच्या आसपास ओहोटी भरदुपारी, तेव्हा डोक्यावर ऊन घेऊन खेळ. भरती आली की मैदान समुद्राचं. ओल्या वाळूत ओढलेली रेष टिकायची नाही, दोन पावलांत पुसायची. त्यावर तात्यानं तोड काढली. बाबांच्या जुन्या रापणीचा काथ्याचा दोर पडवीत पडला होता. तो मापानं अंथरायचा, खुंट्या मारून ताणायचा, वर थोडी वाळू सारायची. झालं मैदान. मागं हटता हटता टाचेला दोर लागला की समजायचं, इथं हद्द. आम्हाला बघायची गरजच नसायची. "नजर समोर!" तात्या ओरडायचा. "मागचां पाय बघून घेतील!"

शिकवायची त्याची तऱ्हा वेगळी होती. साच्यांच्या धडधडाटात बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही, म्हणून गिरणीतली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलत. तात्यानं तीच बोली आम्हाला शिकवली. दोन बोटं वर म्हणजे कोपऱ्यातलीनं पुढं यायचं, मूठ म्हणजे साखळी, सगळ्यांनी एकत्र यायचं, कानाची पाळी धरली की थांबायचं. आम्ही घरातसुद्धा तसंच बोलायला लागलो. बाबांसमोर सुमननं मूठ दाखवली की मला कळायचं, आज ओहोटी लवकर आहे, सगळ्यांनी जमायचंय. दम मोजायचा त्याचा प्रकार तर आणखीच नवलाचा. त्याला आमचं "कबड्डी कबड्डी" ऐकू यायचं नाही, पण दम सुटला की सगळ्यांच्या आधी त्याला समजायचं. तो गळ्यातल्या घाटीकडे, म्हणजे कंठमण्याकडे, बघायचा. "घाटी हललेली दिसली मला," म्हणायचा, "गिळलंस तू. बाद!" त्याच्यापुढं लबाडी चालत नसे. हल्ली टीव्हीवर मॅटवरची कबड्डी लागते, दिवे काय, बूट काय, गाणी काय. नातू माझ्या शेजारी बसून मला नियम समजावून सांगतो. मी ऐकून घेते. पण चढाईवरच्या पोराच्या गळ्याकडे माझं लक्ष जातं ते जातंच.

गावात हसं व्हायचं तेवढं झालं. बाबा एकदा जेवताना तात्याला म्हणाले, "तुज्या नादानं पोरगी पुळणीवर लोळतांय." तात्यानं ऐकू न आल्याचं सोंग केलं, बहिरेपणाचा तेवढा एक फायदा त्यानं शेवटपर्यंत घेतला. मला त्याच्याबद्दल तेव्हा काय वाटायचं ते मी त्याला कधी बोलले नाही. तो रोज आंघोळ करून, केस चापून बसवून पुळणीवर यायचा, जणू गिरणीच्या पाळीवर चाललाय. आमच्यामुळे त्याला सकाळी उठायला काहीतरी कारण मिळालं होतं. आणि आम्हाला त्याच्यामुळे पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं की आणखी जोर लाव. बाकी सगळे हळू, हळू म्हणणारे.

सावर्ड्याला तात्याचा गिरणीतला एक सोबती होता. तिथल्या मंडळाच्या स्पर्धेत मुलींचे संघ कमी पडत होते, त्यानं निरोप धाडला, असतील तर घेऊन ये. आदल्या दिवशीच्या एसटीनं आम्ही निघालो. तात्यानं ट्रंकेतून गिरणीच्या कापडाचा तुकडा काढून दिला होता, त्याच्या गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या सुमनच्या आईनं शिवल्या. कापड चादरीचं होतं, त्यावर गुलाबी फुलं. तिथं शाळेच्या व्हरांड्यात उतरलेल्या दुसऱ्या संघाच्या मुली निळ्या गणवेशात. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि एकमेकींना कोपर मारलं. मी म्हटलं, हसा. मैदानात बघू.

मैदानात जे झालं ते आठवलं की आजही माझे कान तापतात. सकाळचा पहिला सामना त्या निळ्यांशीच. त्यांची मुलगी चढाईला आली, आम्ही तात्यानं शिकवल्याप्रमाणे नजर समोर ठेवून मागं हटलो, आणि शिट्टी वाजली. सुमन बाद. पुढची चढाई, पुन्हा शिट्टी. आमच्यातली शेवंती बाद. आम्हाला कुणी हात लावला नव्हता, काही नाही, नुसत्या शिट्ट्या वाजत होत्या आणि आम्ही एकेक बाहेर. मग मी खाली बघितलं. माझी टाच चुन्याच्या फक्कीच्या पलीकडे पडली होती. आमचे पाय दोर शोधत होते! इतके महिने टाचेला जे लागायचं ते इथं नव्हतं, नुसती पांढरी रेष, आणि रेष काही पायाला लागत नाही. कळलं तरी पाय ऐकेनात. खाली बघावं तर समोरची येऊन हात लावून जायची, समोर बघावं तर टाच बाहेर. लोकांना तर तमाशाच मिळाला. कुणीतरी ओरडलं, "अगो, मागं दर्या नाय हां तुमचा!" सगळं मैदान हसलं. लोण चढलं, मग आणखी एक. आम्ही धड खेळून हरलो असतो तर मला इतकं लागलं नसतं.

जेवायला आम्ही एका आंब्याखाली बसलो. भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून आणली होती, ती तशीच फडक्यात पडून होती. शेवंती रडत होती. तात्या खाली बघून म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान आला, "चूक माजी. दोर लावायला नको व्हता." संध्याकाळी गटातला दुसरा सामना होता. तेवढ्या वेळात पायांची सवय कशी मोडायची? सुमन म्हणाली, "खाली बघून खेळूया." मी भाकरीचा तुकडा हातात धरून विचार करत होते. मला रापण दिसत होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर आणायचे, आणि दोन्ही दोरांना माणसं लागून ओढत ओढत दोन्ही टोकं जवळ आणायची. आता मोठ्या यंत्रांच्या बोटींनी ती पार बुडवली, पण तेव्हा आमच्या वाडीतलं पोरगं चालायला लागलं की रापणीच्या दोराला लागायचं. त्यात मागं कोण बघतं? हद्द वगैरे काही नसते तिथं. पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघायचं आणि त्याच्या ओढीला आपली ओढ लावायची.

"तात्या," मी त्याच्या तोंडासमोर बोलले, "मागं जायचांच नाय."

"म्हणजे?"

"ती आत आली की दोन्ही कोपरे एकदम पुढं. हात धरून. रापण लावायची. टाचेला दोर नसूं दे, हातात हाय ना?"

 तात्यानं मूठ वर केली आणि सगळ्या जणींना फिरवून दाखवली.

संध्याकाळचा संघ सकाळच्यापेक्षा हलका नव्हता. पण त्यांना आमची सकाळची खबर लागली होती, त्यामुळे त्यांची पहिली मुलगी आम्हाला मागं रेटायला अगदी बिनधास्त खोल आली. सुमन आणि मी दोन्ही कोपऱ्यांतून निघालो, मधल्या जणींनी हात धरले, आणि फास आवळला. ती सुटायला जिकडे वळली तिकडे माणूस. त्यांना वाटलं, नशीब. दुसरी आली, तीही ओढली. आम्ही हातांची पकड सोडतच नव्हतो. काथ्यानं सोललेले आणि माशांच्या काट्यांनी टोचलेले ते हात होते, घामानं निसटणारे नव्हते. मधे कधीतरी शेवंतीची टाच बाहेर गेली, माझीही गेली, पण शेवटी आम्ही दोन गुणांनी सामना मारला. सकाळी हसणारे लोक आता आमच्या बाजूनं ओरडत होते. लोकांचं काय, वारा येईल तशी पाठ. आम्ही बक्षिसापर्यंत पोचलो नाही, सकाळचा पराभव आडवा आला. पण आम्हाला हवा होता तो एक सामना पदरात पडला होता. परतीच्या एसटीत तात्या खिडकीला डोकं लावून झोपला आणि त्याच्या घोरण्यानं सगळी गाडी जागी राहिली.

शिमग्याच्या आधी मी नानूकडे गेले. आईही बरोबर होती, पाटीत त्याच्यासाठी चांगली सुरमई ठेवून. नानूनं सगळं ऐकून घेतलं. सावर्ड्याची बातमी त्याला आधीच लागलेली होती. तो म्हणाला, "जिंकलांव, चांगलां झालां. शब्द मी दिला व्हता तां खरां. पण जागा माजी नाय गो बायो, देवाची हाय. उद्या काय बरांवाईट झालां, तर गाव मला धरील." मी बोलायला तोंड उघडलं, तर आईनं माझा दंड धरला. बाहेर आल्यावर मी रागानं रडले. रस्त्यावर, पाटीसकट. आईनं सुरमई परत आणली होती. त्या रात्री आम्हीच खाल्ली.

पालखी येण्याआधी सहाणेपुढचं मैदान तयार करायचं काम दरवर्षी बायकांचं. सड्यावरून तांबडी माती आणायची, पसरायची, पाणी मारायचं आणि लाकडी चोपण्यांनी चोपून बसवायची. त्या वर्षीही बोलावणं आलं. मी म्हटलं, मी येणार नाही. आई म्हणाली, "येशील." आणि आम्ही सगळ्या जणी गेलो, पदर खोचून, ओळीनं बसून दिवसभर चोपत राहिलो. नानू चौथऱ्यावरून बघत होता, कुठं उंच राहिलं, कुठं खड्डा आहे, ते काठीनं दाखवत होता. मी चोपता चोपता सुमनकडे बघितलं आणि मूठ दाखवली. तिनं आधी माझ्याकडे, मग नानूकडे बघितलं, आणि हळूच मान हलवली. बाकीच्या पाच जणींना तिनं सांगितलं.

शिमग्याच्या त्या दुपारी पालखी सहाणेवर बसली होती, ढोल विसावले होते, आणि पोरांचे सामने चालले होते. पंच रत्नागिरीहून आणलेले, पांढऱ्याशुभ्र कपड्यातले एक मास्तर. दोन सामन्यांच्या मधे खेळणारे पाणी प्यायला गेले, मैदान रिकामं झालं, आणि आम्ही आत गेलो. फुलाफुलांच्या चड्ड्या, अनवाणी. कुणाला विचारलं नाही. समोर दुसरा संघ नव्हता, म्हणून वाडीतल्या धाकट्या पोरी घेऊन आम्ही दोन बाजू केल्या होत्या, सुमन त्या बाजूला, मी या बाजूला. गलका एकदम थांबला. तात्या गर्दीत उभा होता. त्याला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा पांढरा पडला, आणि मग त्यानं दोन बोटं वर केली.

मी मधली रेष ओलांडली आणि दम धरला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

नानू चौथऱ्यावरून उठला. "कोण ती? इंदू? बाहेर हो!" मला उत्तर देता येत नव्हतं. तोंडातून दुसरा शब्द काढला की दम तुटला, मी बाद. मी सुमनच्या पायावर नजर ठेवली आणि म्हणत राहिले. नानू काठी टेकत रेषेपर्यंत आला. "इंदू, मी काय सांगतंय? देवासमोर तमाशा नको. ऐकतंस काय?" तो रेषेजवळ थांबला. चढाई चालू असताना मैदानात पाय टाकायचा नाही, ही जन्मभराची सवय त्याच्याही पायांत होती. त्यानं बाहेरूनच माझ्या बाबांना हाक मारली, "तांडेला, तुजी पोरगी आवर!" बाबा हाताची घडी घालून उभे होते. ते हलले नाहीत. माझं डोकं गरगरत होतं, कानात माझाच आवाज घुमत होता, आणि त्यातून मला आईचा आवाज आला.

"काका, ती बोलायची नाय. तिचा दम चाललाय. मला विचारा." आई माणसांतून पुढं आली होती, मागं पाट्यांवाल्या बायका. "तां मैदान चोपलां कोणी? परवा आम्ही हितं दिवसभर बसून व्हतांव, हातांनी, पायांनी. तेव्हा तुमी विचारलांत काय, कोणाचां काय हाय नि काय नाय? चोपायला चालतांव, मग खेळायला का नाय?"

 माझी छाती फुटायला आली होती. मी सुमनच्या हाताला हात लावला आणि वळले, तेवढ्यात तिनं माझा घोटा धरला. मैत्रीण म्हणून सोडेल असं वाटलं असेल कुणाला, तर त्याला सुमन माहीत नाही. मी उपडी पडले, वर ती पडली, मातीचा वास नाकात गेला. मी कबड्डी म्हणत म्हणत कोपरांवर सरकत गेले, हात लांब केला, आणि बोटांना ओली फक्की लागली. तेव्हाच शिट्टी वाजली.

मान वर करून बघितलं तर पांढऱ्या कपड्यातले ते मास्तर माझ्या हाताशी गुडघे टेकून बसले होते आणि माझं बोट रेषेच्या पुढं आलंय की नाही, ते चष्मा सावरून बघत होते. त्यांनी ते नीट, वेळ घेऊन बघितलं. मग उठले, गुडघ्यांवरची माती झाडली आणि माझ्या बाजूचा हात वर केला. फळ्याजवळ गुण लिहायला बसलेला गणपत खडू हातात धरून नानूच्या तोंडाकडे बघत राहिला.

"तिकडे काय बघता?" मास्तर म्हणाले. "पंच मी आहे. एक गुण. लिहा."